दाखवलेली किंमत, कापलेले पैसे

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी ऑनलाइन दुकानातल्या किमती गिऱ्हाइकाच्या चलनात दाखवण्याबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उदाहरणांतले दर फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष काम करताना त्या दिवशीचा दर घ्यावा.

प्रश्न : भरतकामाचे नमुने पीडीएफ स्वरूपात विकणारं माझं दुकान आहे. किमती डॉलरमध्ये भरल्या आहेत. एक प्लगिन टाकल्यापासून युरोपातल्या लोकांना त्या युरोत दिसतात. पण पैसे भरायच्या पानावर पुन्हा डॉलर येतात आणि ‘दाखवलं एक, कापलं भलतंच’ अशा तक्रारी येतात. प्लगिन बिघडलं आहे का?

प्लगिन ठीक आहे. त्याचं काम तेवढंच आहे. ‘मल्टिकरन्सी’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि घेताना हा फरक कुणी विचारत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नुसतं दर्शनी रूपांतर. पानावरच्या डॉलरच्या आकड्याला दराने गुणून त्या जागी युरोचा आकडा मांडला जातो. ऑर्डर डॉलरमध्येच नोंदली जाते आणि पेमेंट गेटवेकडेही (कार्डाचे पैसे वसूल करून देणाऱ्या सेवेकडेही) डॉलरच जातात. मग गिऱ्हाइकाची बँक त्याचे युरो करते. ते तिच्या दराने होतात, व्यवहार पक्का होतो त्या दिवशी होतात आणि वर परकीय चलनाचं शुल्क लागलं तर ते वेगळंच. तुमच्या पानावरचा आकडा आणि बँकेच्या पावतीवरचा आकडा जुळण्याची शक्यता इथे जवळपास नसतेच.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या चलनात खरोखर वसुली. गेटवेला ‘युरो, २२.९५’ असाच व्यवहार जातो. कार्ड युरोचं असेल तर नेमके २२.९५ युरो कापले जातात. त्याचे डॉलर करण्याचं काम तुमच्या बाजूला होतं. ते गेटवे करतो आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेतो. चलन बदलण्याचा खर्च दोन्हीकडे असतोच, तो कोणाच्या खिशातून जातो एवढाच फरक.

तुमचं दुकान यापैकी कोणत्या प्रकारात आहे हे चाचणी खात्यातून एक ऑर्डर टाकली की कळतं. चलनाचा तीन अक्षरी कोड तीन ठिकाणी पाहा : कार्टमध्ये, गेटवेच्या व्यवहार-नोंदीत आणि गिऱ्हाइकाला जाणाऱ्या पावतीच्या ईमेलमध्ये. तिन्ही ठिकाणी युरो असेल तरच वसुली युरोत होते आहे. मग गेटवेच्या सेटिंगमध्ये दोन याद्या तपासा. एक, कोणत्या चलनांत पैसे स्वीकारता येतात. दोन, कोणत्या चलनांत ते तुमच्या बँकेत जमा होतात. पहिली यादी लांबलचक असते, दुसरी बहुधा आखूड. युरोतले पैसे युरोच्याच खात्यात जमा करून घेता आले आणि तुमचा काही खर्चही युरोत होत असला, तर तेवढ्या रकमेवरचं रूपांतराचं शुल्क वाचतं.

परदेशी ऑर्डरी थोड्या असतील तर दर्शनी रूपांतरावरही भागतं, पण मग ते लपवू नका. युरोच्या आकड्याआधी ‘सुमारे’ लिहा, शेजारी तितक्याच ठळक अक्षरांत डॉलरचा आकडा ठेवा आणि ‘पैसे डॉलरमध्ये कापले जातील’ हे वाक्य वस्तूच्या पानावरच घाला. कार्टपर्यंत युरो आणि शेवटच्या पानावर अचानक डॉलर ही तुमची आत्ताची रचना सगळ्यांत वाईट. त्यापेक्षा सगळीकडे डॉलर दाखवलेले परवडले.

आणखी एक : गिऱ्हाइकाच्या चलनात वसुली करूनही एखादा म्हणेल की बँकेने थोडे जास्त कापले. दुकानाचा गेटवे दुसऱ्या देशातला असला की काही बँका चलन तेच असूनही परदेशी व्यवहाराचं शुल्क लावतात. त्यावर तुमच्याकडे इलाज नाही, पण उत्तर तयार असावं.

प्रश्न : जपानमधल्या गिऱ्हाइकाला ३,६०० येनची वस्तू दिसली आणि गेटवेकडे मागणी गेली ३,६०,००० येनची. कार्डाने नकार दिला म्हणून निभावलं. युरो आणि पाउंडमध्ये सगळं ठीक चालतं.

कोडमध्ये कुठेतरी ‘गुणिले १००’ आहे. बरेच गेटवे रक्कम सर्वांत लहान एककात मागतात. २२.९५ युरो म्हणजे २२९५ सेंट, त्यामुळे १०० ने गुणणं बरोबर ठरतं. येनला मात्र व्यवहारात लहान एकक नाही. ३,६०० येन म्हणजे ३६०० एवढंच पाठवायचं.

प्रत्येक चलनाला किती दशांश स्थळं आहेत हे आयएसओ ४२१७ या मानकात दिलेलं असतं. जपानी येन, दक्षिण कोरियाचा वॉन, व्हिएतनामचा डाँग, चिलीचा पेसो यांना शून्य. कुवेत, बहारीन, जॉर्डन आणि ट्युनिशियाचे दिनार आणि ओमानचा रियाल यांना तीन. तीन स्थळांची चूक जास्त महागात पडते, कारण ती बोंब मारत नाही. १२.५०० कुवेती दिनारला १०० ने गुणून १२५० पाठवलं, तर गेटवे ते १.२५० दिनार असं वाचतो. व्यवहार मंजूर होतो, गिऱ्हाईक खूश, आणि तुमच्या पदरात दहावा हिस्सा.

बरं, मानकावर डोळे मिटून विसंबताही येत नाही, कारण गेटवेचे स्वतःचे नियम असतात. स्ट्राइप या गेटवेला आइसलँडची क्रोना आणि युगांडाचा शिलिंग ही शून्य दशांशाची चलनं दोन दशांशी धरूनच पाठवावी लागतात आणि तीन दशांशी चलनांत शेवटचा अंक शून्य असावा लागतो. पेपाल हा गेटवे येनबरोबरच हंगेरीच्या फोरिंटमध्ये आणि तैवानच्या डॉलरमध्येही दशांश घेत नाही, पाठवला तर चूक दाखवून परत करतो. मानकात मात्र फोरिंटला दोन स्थळं आहेत. शॉपिफाय या ऑनलाइन दुकानाच्या सेवेच्या थीममध्ये (पानांच्या साच्यात) याच्या उलट प्रकार : साचा लिहायच्या तिथल्या लिक्विड भाषेत १००० येनची किंमत १००००० अशीच मिळते, पुढे दोन शून्यं जोडलेली. तो आकडा तसाच उचलून बाहेरच्या सेवेला दिला की झालं शंभरपट.

म्हणून डेटाबेसमध्ये चलनांचा एक तक्ता करा आणि त्यात तीन वेगळे रकाने ठेवा : मानकाप्रमाणे दशांश, पानावर दाखवायचे दशांश, गेटवेला पाठवायचे दशांश. दोन गेटवे असतील तर चौथा रकाना. ‘१००’ हा आकडा कोडमध्ये थेट लिहिलेला जिथे जिथे सापडेल तिथून काढून या तक्त्यातून घ्या. चाचणीला डॉलर, येन आणि कुवेती दिनार अशा तीन ऑर्डरी पुरतात. रकमा साठवताना फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. लहान एककातली पूर्ण संख्या किंवा दशांश नेमके जपणारा डेसिमल प्रकार वापरा.

प्रश्न : विनिमय दर कुठून घ्यावा? दर तासाला बदलावा की रोज एकदा?

बहुतेक दुकानांना रोज एकदा भरपूर झालं. युरोपीय मध्यवर्ती बँक कामकाजाच्या दिवशी मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी ४ च्या सुमारास संदर्भ दर जाहीर करते आणि ते एक्सएमएल फाइलमध्ये फुकट मिळतात. त्यातले सगळे दर ‘१ युरो म्हणजे किती’ असे असतात. तुमचं मूळ चलन डॉलर असेल तर भागाकार करावा लागतो. समजा १ युरो म्हणजे १.०८ डॉलर आणि १ युरो म्हणजे १६२ येन, तर १ डॉलर म्हणजे १६२ भागिले १.०८, अर्थात १५० येन. भागाकार उलटा झाला तर ०.००६७ येतं आणि तुमचा माल जवळपास फुकट दिसायला लागतो. ही चूक लगेच दिसते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या डॉलरसारख्या एकमेकांजवळ असलेल्या चलनांत मात्र उलटा दर महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

हे दर माहितीपुरते आहेत असं ती बँक स्वतःच सांगते. गेटवे तुम्हाला त्या दराने पैसे देणार नाही, तो आपलं शुल्क धरून थोडा कमी देईल. ते भरून काढायला किमतीत भर घालावी लागते. गेटवे २ टक्के कापत असेल तर १.०२ ने गुणून पूर्ण भरपाई होत नाही, ०.९८ ने भागावं लागतं, म्हणजे १.०२०४. दर खालीवर होण्यासाठी त्यावर एखादा टक्का ठेवावा. पाच टक्के ठेवणारेही आहेत. आमच्या मते ते जास्त होतं, आणि मोबाइलवर दर पडताळून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ते डोळ्यांवर येतं.

नवा दर आला की तो थेट लावू नका. आधीच्या दराशी ताडून पाहा. फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर दर अडवून ठेवा आणि माणसाला सूचना जाऊ द्या. असा फरक म्हणजे बहुधा फाइलमधली गडबड असते, पण दर वेळी नाही. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने १ युरोला १.२० फ्रँक ही किमान मर्यादा सोडली आणि फ्रँक काही मिनिटांत उसळला. डिसेंबर २०२३ मध्ये अर्जेंटिनाचा अधिकृत दर १ डॉलरला सुमारे ३६६ पेसोवरून एकदम ८०० वर नेला गेला. त्या दिवशी ‘दर संशयास्पद, म्हणून जुनाच चालू ठेवू’ असं ठरवणारं दुकान निम्म्याहून कमी भावात माल विकत बसलं असतं. म्हणून दर अडकला की ते चलन तात्पुरतं बंद करून मूळ चलनातली किंमत दाखवणं बरं.

दर कधीही बदलला तरी कार्टमधली किंमत हलता कामा नये. चेकआउट सुरू झाल्यावर तो दर अर्धा ते एक तास पक्का धरा. मुदत संपली तर नवी किंमत दाखवून पुन्हा संमती घ्या. ऑर्डरच्या नोंदीत पाच गोष्टी कायम राहू द्या : मूळ चलनातली रक्कम, वापरलेला दर, त्या दराची वेळ, वसूल केलेली रक्कम आणि तिचं चलन. फक्त शेवटच्या दोन ठेवणाऱ्यांना वर्षअखेरीला हिशेब लागत नाही.

प्रश्न : रूपांतरानंतर २२.११ किंवा ३,६०८ असे विचित्र आकडे येतात. ते गोल करताना बेरीज चुकते, आणि पेपाल कधी कधी ऑर्डरच घेत नाही.

आधी बेरजेचं. समजा एका नगाची किंमत ७.२५ डॉलर आणि दर ०.९२१३. एका नगाचे होतात ६.६७९४, गोल करून ६.६८ युरो. बारा नगांचे ८०.१६. दुसऱ्या वाटेने गेलात तर १२ नगांचे ८७ डॉलर, त्याला ०.९२१३ ने गुणून ८०.१५. एका सेंटचा फरक. पेपालला ओळीओळीची किंमत आणि एकूण रक्कम दोन्ही पाठवल्या की तो स्वतः बेरीज करतो आणि जुळली नाही तर ऑर्डर नाकारतो. नियम एकच ठेवा : आधी एका नगाची किंमत बदलून गोल करायची, मग नगांनी गुणायचं, मग ओळींची बेरीज. एकूण रकमेचं रूपांतर कधीच करायचं नाही. ती फक्त बेरजेतून यावी.

आता विचित्र आकडे. ‘वरच्या ०.९५ पर्यंत न्या’ असा सरसकट नियम बरीच दुकानं लावतात. २२.११ चे २२.९५ होतात, वाढ ३.८ टक्के, चालून जातं. पण ३.१० चे ३.९५ झाले की वाढ २७ टक्के! म्हणून किमतीचे टप्पे पाडा. १० युरोखाली फक्त ०.१० च्या पटीत, १० ते १०० मध्ये जवळच्या ०.९५ ला, त्यावर पूर्ण युरो. येनमध्ये १० च्या किंवा १०० च्या पटीत आकडा सहज वाटतो. ३,६०८ चे ३,६०० किंवा ३,६१० करा, ३,६०७.९५ येन कुणी पाहिलेले नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये सर्वांत लहान नाणं ०.०५ फ्रँकचं आहे. कार्डाने कोणतीही रक्कम चालते, तरी तिथे किमती ०.०५ च्या पटीतच ठेवलेल्या बऱ्या दिसतात.

गोल केलेली किंमत रोज खालीवर होऊ देऊ नका. शेवटच्या वेळी किंमत ठरवली तेव्हाच्या दरापासून २ टक्के अंतर पडलं तरच ती पुन्हा ठरवा. ज्या दोन-तीन चलनांत खरी विक्री होते त्यांत तर किमती हातानेच भराव्यात, बाकीची चलनं दरावर सोडावीत.

किमती बदलताना हमखास विसरतात ती कूपनं. १० डॉलर सूट देणारं कूपन कुवेती दिनारात तसंच १० राहिलं तर तीस डॉलरहून जास्त सुटतात, आणि येनमध्ये राहिलं तर गिऱ्हाइकाला चेष्टा वाटते. टक्केवारीच्या कूपनाला ही अडचण नाही. मोफत पाठवणीची मर्यादाही अशीच फसवते. ५० डॉलरची वस्तू गोल होऊन ४५.९५ युरोला लागली आणि मर्यादेच्या ५० डॉलरचे नुसत्या गुणाकाराने ४६.०७ झाले, की जी वस्तू डॉलरमध्ये मोफत जाते ती युरोत जात नाही. मर्यादा प्रत्येक चलनात हाताने ठरवा आणि थोडी खालीच ठेवा.

प्रश्न : एकाच पानावर कधी युरो, कधी डॉलर दिसतो. रिफ्रेश केलं की बदलतो. आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) देश ओळखण्यात चूक होत असेल का?

देश बहुधा बरोबर ओळखला जातो. घोळ कॅशचा, म्हणजे पान पटकन देता यावं म्हणून साठवून ठेवलेल्या प्रतीचा आहे. जर्मनीतल्या माणसासाठी तयार झालेलं पान कॅशमध्ये बसलं आणि तेच पुढच्या अमेरिकेतल्या माणसाला दिलं गेलं. यावर दोन उपाय. एक तर चलन कॅशच्या किल्लीत (साठवलेली प्रत ओळखायच्या खुणेत) घाला, म्हणजे प्रत्येक चलनाची वेगळी प्रत राहील. नाहीतर पान मूळ चलनात कॅश करून किंमत मागाहून वेगळ्या विनंतीने भरा. त्यात क्षणभर मूळ चलन चमकून जातं. वूकॉमर्स या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॅशसह भौगोलिक स्थान’ अशा अर्थाचा पर्याय आहे. तो पानाच्या वेब-पत्त्याच्या शेवटी स्थानानुसार एक खूण जोडतो आणि प्रती वेगळ्या ठेवतो.

आयपीवरून मिळतो तो देश, चलन नव्हे. ब्राउझरची भाषा तर देशही सांगत नाही. इक्वेडोर आणि एल साल्वाडोरमध्ये अमेरिकी डॉलर चालतो, मॉन्टेनेग्रो युरोपीय संघात नसून युरो वापरतो. साइटच्या पुढे बसवायची क्लाउडफ्लेअर ही सेवा देशाचा कोड हेडरमध्ये (विनंतीसोबतच्या माहितीत) देते, पण देश कळला नाही किंवा ओळख लपवणारं टॉर वापरलं असलं तर तिथे विशेष खुणा येतात. त्यांच्यासाठी मूळ चलन ठेवा, नाहीतर रिकामी किंमत दिसते. चलन बदलायचा पर्याय पानाच्या वरच्या भागात द्या आणि गिऱ्हाइकाने निवडलेलं चलन कुकीत जपा. एकदा त्याने निवडलं की आयपीने मध्ये बोलायचं नाही. युरोपीय संघात तर नियमन २०१८/३०२ नुसार गिऱ्हाइकाला त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय साइटच्या दुसऱ्या आवृत्तीवर ढकलता येत नाही.

गूगलचा क्रॉलर (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) बहुतांशी अमेरिकेतल्या आयपीवरून येतो, त्यामुळे आयपीवर चालणाऱ्या दुकानात त्याला डॉलरच दिसतात. खरेदीच्या जाहिरातींसाठी युरोच्या किमती दिल्या असतील आणि पानावर डॉलर असतील तर वस्तू नामंजूर होते. जाहिरातीच्या दुव्यातच चलन ठरवून द्या आणि पानाच्या संरचित माहितीत (शोधयंत्रांसाठी कोडमध्ये दिलेल्या) तोच तीन अक्षरी कोड येतो ना ते पाहा.

प्रश्न : किमतीत चलनाचं चिन्ह आकड्याआधी की नंतर? स्वल्पविराम की टिंब?

हे हाताने लिहू नका. ब्राउझरमधल्या ‘इंटल नंबरफॉर्मॅट’ (Intl.NumberFormat) या आकडे मांडणाऱ्या सोयीला चलन आणि भाषा-प्रदेश या दोन गोष्टी वेगवेगळ्या द्या, तो बाकीचं पाहतो. जर्मन वाचकाला १.२३४,५६ आणि मागे €, अमेरिकी वाचकाला आधी $ आणि १,२३४.५६. नुसत्या $ वर विसंबू नका. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, शिवाय मेक्सिकोचा पेसो, सगळ्यांचं तेच चिन्ह. ¥ हे येनचंही आणि युआनचंही. चलन निवडायच्या यादीत आणि चेकआउटवर तीन अक्षरी कोड दाखवावा. पानावर छापलेला आकडा वाचून त्यावर हिशेब मात्र कधीही करू नका. फ्रेंच मांडणीत हजारांनंतर अरुंद, न तुटणारी मोकळी जागा असते, ती साध्या स्पेससारखी दिसते आणि कोडला आकडा वाचता येत नाही.

प्रश्न : महिन्याने वस्तू परत आली. दर बदलला आहे. किती परत करायचे?

जितके घेतले तितके, त्याच चलनात. २२.९५ युरो घेतले तर २२.९५ युरो द्या, मग डॉलरमध्ये तुम्हाला कमी लागोत की जास्त. गेटवे परताव्याच्या दिवशीचा दर लावतो, आणि रूपांतराचं आधी घेतलेलं शुल्क परत मिळेल असं धरून चालू नका. तो फरक वस्तूच्या विक्रीत मिसळू नका, विनिमय नफा-तोटा म्हणून वेगळा नोंदवा. महिन्याची विक्री काढताना ऑर्डरींचा रकाना सरळ बेरजेला घेतला तर युरो आणि येन एकत्र होतात. बेरीज गेटवेच्या जमा-अहवालातल्या रकमांची करा.

प्रश्न : किमतीत कर धरायचा का?

युरोपीय संघात ग्राहकाला करासह किंमत दाखवावी लागते. अमेरिकेत विक्रीकर बहुधा चेकआउटवर लागतो. जर्मनीचा व्हॅटचा सर्वसाधारण दर १९ टक्के, हंगेरीचा २७. करापूर्वी १०० युरोची वस्तू एकीकडे ११९, दुसरीकडे १२७ होते. सगळीकडे ११९ च ठेवलेत तर हंगेरीतल्या विक्रीत ते सहा-साडेसहा युरो तुमच्या नफ्यातून जातात. दोन्ही मार्ग चालतात, पण आधी कर मिळवा आणि मग गोल करा, उलटं नको. बीजक गिऱ्हाइकाच्या चलनात चालतं. मात्र संघातल्या देशाचा व्हॅट लावला असेल तर व्हॅटची रक्कम त्या देशाच्या राष्ट्रीय चलनातही दाखवावी लागते.

प्रश्न : क्रोएशियाची कुना बंद झाली. यादीतून काढून टाकली तर जुन्या ऑर्डरी उघडेनात.

चलन पुसू नका, ‘विक्रीसाठी बंद’ अशी खूण करा. कुना १ जानेवारी २०२३ पासून गेली, बल्गेरियाचा लेव्ह १ जानेवारी २०२६ पासून. दोन्हीकडे आता युरो आहे. जुन्या ऑर्डरीचा कोड आणि रक्कम होती तशीच राहू द्या, दशांशांच्या तक्त्यातली ओळही ठेवा. जुन्या ऑर्डरीचा परतावा द्यायची वेळ आली तर ठरलेल्या कायमच्या दराने युरो करा : १ युरोला ७.५३४५० कुना, १ युरोला १.९५५८३ लेव्ह. हे दर पूर्ण लिहा, ७.५३ असे छाटू नका.